तुरीच्या टरफलाचं तेजाब

‘उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः बदलत नाही.’ आमच्या लातुरात हे वाक्य पाठ नसलेलं पोर शोधून सापडायचं नाही. सकाळी क्लासेसच्या गल्लीतून जावं, तर कुठल्या ना कुठल्या खिडकीतून ते कानावर पडतंच. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे ते वाक्य मीही फळ्यावर लिहीत आले आहे, आणि लिहून झाल्यावर दर वेळी मला थोडा राग येतो. बदलत नाही म्हणे! उत्प्रेरक थकतो, बुजतो, झिजतो, आजारी पडतो. ज्यानं हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं, त्यानं बहुधा उत्प्रेरक दोनदा वापरून पाहिलाच नसावा.

मला हे पुस्तकानं शिकवलं नाही. चाचांच्या कारखान्यानं शिकवलं.

चाचा आमच्या नात्यातले नव्हेत. देगलूरला आमच्या घरासमोर त्यांच्या वडिलांचं अत्तराचं दुकान होतं. माझे वडील आणि चाचा शाळेत एका बाकावर बसायचे. वडील पुढे शाळामास्तर झाले आणि चाचा लातूरला आले. शहराबाहेर रेणापूरच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून त्यांनी इसेन्सचा छोटा कारखाना काढला. कुल्फीवाले, शरबतवाले, गोळ्या-बिस्किटं करणारे त्यांच्याकडून केळ्याचा इसेन्स नेतात. मी नोकरीला लातूरला आले तेव्हा चाचा-चाची हेच माझं इथलं माहेर झालं, आणि अजूनही आहे.

त्या कारखान्यात केळ्याचं सालसुद्धा येत नाही. डोकं दुखेल अशा वासाचं एक अल्कोहोल असतं, आणि दुसरं शिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, आम्ल. दोन्ही एकत्र तापवली की त्यांच्यातून पिकल्या केळ्याचा वास बाहेर पडतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी एम.एस्सी. होऊन बसले होते, कागदावर हीच अभिक्रिया कितीदा तरी लिहिली होती, तरी त्या शेडमध्ये मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले. दोन घाणेरडे वास भेटतात आणि एक गोड वास जन्माला येतो. याचं कारण मला सांगता येतं, पण कारण सांगून आश्चर्य काही कमी होत नाही.

पण ही दोघं नुसती तापवून भागत नाही. त्यांना घाई करायला तिसरं कुणी लागतं, आणि ते म्हणजे गंधकाचं तेजाब. चाचा सल्फ्युरिक ॲसिडला तेजाबच म्हणतात. पुस्तकातलं नाव त्यांना येतं, पण त्या नावात जाळ नाही, असं त्यांचं म्हणणं.

तेजाबाची खोड अशी, की ते मिसळून जातं. रवी ताकात घालावी, घुसळावं, काढावी, धुऊन खुंटीला टांगावी, तसं त्याचं नाही. काम झाल्यावर ते इसेन्समध्येच बसून राहतं. मग त्याला मारायला सोडा घाला, फेस काढा, पाण्यानं धुवा, पुन्हा धुवा, आणि ते सगळं धुवण कारखान्यामागच्या नालीत सोडून द्या. पुढच्या खेपेला नवीन तेजाब. चाचांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यानं अशी भाजली आहेत की ती नीट मिटत नाहीत.

आणि चाचांचे शर्ट! तेजाबाचा बारीक शिंतोडा कपड्यावर उडतो तेव्हा काहीच दिसत नाही. कपडा धुतला की मग भोक पडतं. त्यामुळे चाचींची एक सवय झाली होती. धुतलेला शर्ट दोरीवर टाकण्याआधी त्या तो दोन्ही हातांनी उन्हासमोर धरायच्या आणि उजेड कुठून कुठून येतो ते बघायच्या. रफू त्यांच्यासारखं कुणाला येत नाही. पण चाचांनी त्यांना कारखान्यात कधी पाऊल ठेवू दिलं नाही. “तिथं तेजाब हाय. तू नक्को येऊ,” एवढंच ते सांगायचे. ज्या कारखान्यावर संसार चालला, तो चाचींनी फक्त शर्टाच्या भोकांतून पाहिला होता.

मग एक दिवस कारखान्याला सरकारी नोटीस आली. नालीच्या पुढे ज्यांचं शेत होतं त्यांच्या विहिरीचं पाणी बिघडलं होतं, म्हशी तोंड लावीनात. त्यांनी तक्रार केली. साहेब येऊन पाणी तपासून गेले आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर आंबट पाणी बाहेर जायचं थांबलं नाही, तर शेडला कुलूप.

चाचा संध्याकाळी आमच्याकडे आले, चहा घेतला आणि कप खाली ठेवला.

“तक्रार खोटी असती तर भांडलो असतो, बेटी,” ते म्हणाले. “खोटी न्हाई. मी सोता जाऊन पाणी तोंडात घेतलं. थुंकून टाकलं.”

“मग आता?”

“आता काय. पाणी साफ करायची मशीन घ्यावी, तर कारखान्याहून मशीन मोठी. कुलूप लावतो आन् जातो देगलूरला.” मग माझ्याकडे बघून हसल्यासारखं करून म्हणाले, “तू त्या नांदेडात इतके वर्ष कायतरी करून राहिली होतीस ना? न विरघळणारं तेजाब का काय? ते खरं व्हतं का नुसतं डॉक्टर व्हायापुरतं?”

मला हे झोंबलं. कारण खरं सांगायचं तर ते डॉक्टर होण्यापुरतंच होतं. माझा प्रबंध घन उत्प्रेरकांवर होता. आम्ल एखाद्या न विरघळणाऱ्या घन वस्तूच्या अंगाला पक्कं बांधून टाकायचं, म्हणजे ते काम करील पण मिसळणार नाही, आणि काम झाल्यावर गाळून परत घेता येईल, अशी सगळी कल्पना. माझे पदार्थ काचेच्या चंबूबाहेर कधी पडलेच नव्हते. तरी मी चाचांना म्हटलं, “खरं होतं.” आणि दुसऱ्या दिवशी नांदेडची एस.टी. धरली.

नांदेडला विद्यापीठात माझे सर होते. निवृत्तीला आले होते, आवाज मोठा, आणि पाण्याच्या बाबतीत हात इतका सैल की लातूरच्या माणसाला बघवू नये. नळ सुरू ठेवून गप्पा मारायचे. लातूरची नोकरी सांभाळून त्यांच्याकडे शिकत असताना मी मागून जाऊन हळूच नळ बंद करायची. “आली लातूरची दुष्काळी राणी,” असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे.

त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बांधणार कशावर?”

“तुरीच्या टरफलावर,” मी म्हणाले.

लातुरात डाळ मिलच्या मागे टरफलांचे ढीग पडलेले असतात. गुरांच्या खाद्यात जातं, भट्टीत जातं, उरलेलं वाऱ्यावर उडून लोकांच्या डोळ्यांत जातं. मी एक पोतं सोबत आणलं होतं, आणि एस.टी.च्या कंडक्टरशी त्यावरून वाद घालून आले होते. ते टरफल आम्ही बंद डब्यात, हवा न लागू देता तापवलं. त्याचा कोळसा झाला. त्या कोळशाला सरांच्या देखरेखीखाली तेजाबात उकळलं, मग इतकं धुतलं की धुवणाचं पाणी निळा लिटमस लाल करीना. उरली ती काळी भुकटी. हातावर घेतली तर चुलीतल्या कोळशाची वाटावी. पण तिच्या अंगाला आम्ल चिकटलं होतं, असं घट्ट की पाण्यानं जाणार नाही.

मग सूक्ष्मदर्शकाखाली तिचं चित्र आलं. बिळंच बिळं. बिळात आणखी बिळं. चिमूटभर भुकटीची आतली जमीन उलगडून पसरता आली, तर आख्ख्या घराची गच्ची झाकली जाईल. तूर जमिनीतून पाणी ओढत होती तेव्हाच्या या वाटा, थोड्या जळलेल्या, थोड्या नव्या फुटलेल्या. डाळ आम्ही खाल्ली, आणि हा एवढा मोठा महाल ढिगावर फेकून दिला होता. मला खरंच लाज वाटली.

“फोटो बघून पाघळू नको,” सर म्हणाले. “चोरी पकडायची परीक्षा घे.”

ही परीक्षा मला आजही सगळ्यांत सुंदर वाटते. शंका अशी असते, की काम खरंच घन भुकटी करते, का तिच्यातून थोडं आम्ल गुपचूप सुटून द्रवात मिसळतं आणि तेच काम करतं? तसं असेल तर सगळं ढोंग. आज ना उद्या भुकटी रिकामी होणार आणि आंबट पाणी पुन्हा नालीत जाणार. म्हणून अभिक्रिया अर्ध्यावर आली की भुकटी गाळून काढायची आणि उरलेला द्रव तसाच तापवत राहायचा. भुकटी नसतानाही काम पुढे सरकलं, तर चोर द्रवात आहे.

“आन् गरम असतानाच गाळ,” सर म्हणाले. “थंड झाल्यावर चोर परत भुकटीत, आपल्या घरी जाऊन बसतो.”

मी हात भाजून घेत गरम गाळलं. मग थोड्या थोड्या वेळानं थेंब थेंब काढून किती आंबटपणा उरलाय ते मोजत बसले. आंबटपणा कमी होत गेला असता, तर भुकटीशिवायही अभिक्रिया चालू आहे असं झालं असतं. तो कमी झाला नाही. पहिल्यांदा जेवढा तेवढाच पुन्हा. पुन्हा तेवढाच. खाली आच तीच, चंबूत अल्कोहोल तेच, आम्ल तेच, दोघं एकमेकांच्या अंगाला अंग लावून तापताहेत आणि काही म्हणजे काही घडत नाही. मग मी ती काळी भुकटी परत आत टाकली. थोड्या वेळानं खोलीत केळ्याचा वास आला.

माझ्या अंगावर काटा आला. सर चष्मा पुसत बसले होते. “इमानदार आहे,” ते म्हणाले, आणि नळ सुरू ठेवून बाहेर निघून गेले.

पुढचे दिवस मी कॉलेज संपलं की चाचांच्या शेडमध्ये असायची. भुकटी मोठ्या प्रमाणात करून घेतली. ती मोकळी टाकली की ढवळताना दळली जायची आणि गाळताना फडक्यातून निसटायची. म्हणून तिच्या बारीक गोळ्या वळून भाजल्या, आणि चाचांनी स्टीलच्या गाळणीची जाळी आणून तिची टोपली करून घेतली. गोळ्या टोपलीत, टोपली भांड्यात. काम झालं की साखळीनं टोपली वर ओढायची. पहिली खेप उतरली, आणि चाचांनी सोडा न घालता, फेस न काढता इसेन्समध्ये बुडवलेलं बोट नाकाशी धरलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

“तेजाब कुठाय?” त्यांनी विचारलं.

“टोपलीत.”

“सगळं?”

“सगळं.”

“सुब्हानअल्लाह,” ते हळूच म्हणाले.

टोपली मात्र प्रत्येक खेपेनंतर धुवावी लागायची. आता लातूरकर पाणी कसं वापरतो ते सांगायला हवं. दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात आम्ही रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेलो आहोत. त्या उन्हाळ्यानंतर लातूरच्या कुठल्याही घरात पाणी एकदाच वापरून फेकत नाहीत. डाळ-तांदूळ धुतलेलं झाडाला, कपड्याचं फरशीला, फरशीचं संडासात. हे कुणी शिकवत नाही, अंगात आलेलं असतं. आणि शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी तर आमच्या प्रयोगशाळेत तुपासारखं जपतात, कारण त्याची एक बाटली भरायला थंड करण्यासाठी बादल्यांच्या बादल्या पाणी नळातून वाहून जातं. त्यामुळे मी अगदी शहाणपणानं ठरवलं, की टोपली आधी बोअरच्या पाण्यानं धुवायची आणि अगदी शेवटी कॉलेजातून आणलेल्या शुद्ध पाण्याचा एक हात द्यायचा. यात काही चूक असेल असं माझ्या मनातही आलं नाही. उलट काटकसर केली म्हणून मी खूश होते. चाचा तर माझ्याहून लातूरकर. ते बोअरचं धुवणही फेकायचे नाहीत. पहिल्या धुण्यात टोपलीला लागलेलं शिरक्याचं आम्ल उतरायचं, ते पाणी वेगळं काढून ठेवायचे, आणि पुढचं सगळं खालच्या मोठ्या घंगाळात ओतायचे. त्या घंगाळातल्या उकळत्या पाण्यावरच इसेन्सचं भांडं तापायचं.

काही खेपा छान गेल्या. मग इसेन्स उतरायला उशीर होऊ लागला. पुढच्या खेपेला आणखी उशीर. मग अल्कोहोलचा तो डोकं दुखवणारा वास भांड्यात तसाच राहू लागला. मी आच वाढवली, जास्त वेळ दिला, गोळ्या पुन्हा सुकवल्या. नाही म्हणजे नाही. जी भुकटी नांदेडला इमानदार ठरली होती ती लातुरात माझ्या डोळ्यांदेखत मरत चालली होती. दिवाळी जवळ आली आणि माझा जीव टांगणीला लागला. एकदा चाचींच्या घरी जेवायला बसले, तर ट्रंका उघड्या दिसल्या. चाची सामान वेगळं काढत होत्या, देगलूरला न्यायचं आणि इथं वाटून टाकायचं.

“चाची, एवढ्यात कशाला?” मी विचारलं.

“एवढ्यात न्हाई, बाई,” त्या म्हणाल्या. “इकडं आल्यापास्नं मनात धरूनच व्हते, की कधीतरी हे तेजाब आम्हाला इथून उठवंल.”

जेवण उरकून मी तशीच शेडकडे गेले.

मी उरलेली नवी भुकटी घेऊन पुन्हा नांदेड गाठलं. सरांनी तीच भुकटी, तीच अभिक्रिया एकामागून एक खेपा करून पाहिली. उतार नाही. पहिली खेप जशी, तशी शेवटची. मी डोक्याला हात लावून बसले.

“माझ्या इथं मरून नाही राहिली तुझी भुकटी,” सर म्हणाले. “लातुरात काय वेगळं करून राहिलीस?”

“काही नाही, सर. सगळं तसंच.”

मी खोटं बोलत नव्हते. आपली जी सवय असते ती आपल्याला ‘काहीतरी करणं’ वाटतच नाही. सरांनी माझ्यासमोर भांडं भरून शुद्ध पाणी चाळणीतल्या भुकटीवर ओतलं, वाहू दिलं, पुन्हा ओतलं. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या उधळेपणावर मनात चरफडले, आणि त्या चरफडीत समोरचं उत्तर मला दिसलं नाही. एस.टी.नं लातूरला परत आले ते रित्या हातानं.

शेडमध्ये गेले तेव्हा आच बंद होती आणि चाचा मोकळं घंगाळ उन्हात तिरपं करून बघत होते.

“ये मॅडम, ये,” ते म्हणाले. मला चिडवायचं असलं की ते मॅडम म्हणतात. “तुझ्या पावडरीनं कारखाना तर बुडवला, पर भांडं लई झ्याक केलं. बघ. कुलूप लावलं की आपण दोघं भांडी घासायचा धंदा काढू.”

मी बघितलं. लातूरच्या बोअरचं पाणी उकळलं की भांड्याच्या तळाला पांढरा खडबडीत थर बसतो. गिझरला बसतो, चहाच्या पातेल्याला बसतो. चाचांच्या घंगाळाला तर तो छिन्नीनं खरवडावा लागायचा. आता तिथं थर नव्हता. तांबं लखलखत होतं.

“शिरक्यानं गेला असेल,” मी म्हणाले.

“शिरक्याचं पाणी मी यात कुठं वततो? ते तर वेगळं ठिवतो. यात नुसतं टोपलीचं मागचं धुवण.”

मी तिथल्या तिथे टोपली एकदा बोअरच्या पाण्यानं धुतली. ते धुवण एका बाटलीत घेतलं, साधं बोअरचं पाणी दुसऱ्या बाटलीत घेतलं, आणि कॉलेजात आले. पाण्याचा जडपणा तपासायचा प्रयोग आमची पोरं पहिल्याच वर्षी करतात. एक रंग टाकायचा. पाण्यात कॅल्शियम असेल तर पाणी जांभळट लाल होतं, नसेल तर निळं. बोअरच्या पाण्यात रंग टाकला, ते लाल झालं, जसं व्हायचं तसं. मग दुसऱ्यात टाकला.

निळं. फिकट लाल छटा होती थोडीशी, बाकी सगळं निळं.

मी ती दोन चंचुपात्रं शेजारी शेजारी ठेवून खुर्चीवर बसले. भुकटी मेली नव्हती. ती काम करत होती, फक्त आम्ही सांगितलं त्याहून वेगळं. दर खेपेला आम्ही तिच्यावर लातूरचं पाणी ओतत होतो, आणि ती तिच्या बिळाबिळांत बसून त्या पाण्यातलं कॅल्शियम एकेक पकडून ठेवत होती. त्याच्या बदल्यात आपलं आम्ल देऊन टाकत होती, आणि त्याच आम्लानं घंगाळातला जुना थर विरघळवला होता. आम्ल जिथं बांधलं होतं तिथं आता लातूरची जमीन येऊन बसली होती. शेवटी शुद्ध पाण्याचा हात देऊन काय उपयोग, बसलेलं ते उठणार थोडंच! पाणी वाचवायला निघालेली मी, आणि त्या मूठभर टरफलानं माझ्या नकळत आख्ख्या बोअरचं पाणी गोड करायला घेतलं होतं. मला रडू आलं आणि हसूही आलं. एवढी साधी गोष्ट कळली नाही याचा राग आला असता, पण आश्चर्यानं त्याला जागाच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मिठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, अगदी पातळ करून कॅल्शियमला बाहेर काढायला टोपली त्यात बुडवली. बाहेर आलेल्या पाण्याचा आंबटपणा मारून त्यात रंग टाकला, तर ते लालभडक. “हे काय?” चाचांनी विचारलं.

“आपल्या बोअरचं पाणी, चाचा. इतके दिवस आत लपून बसलेलं.”

ते पाणी आम्ही परातीत घेऊन चुना टाकून निवळलं आणि शेडसमोर उन्हात आटवलं. टोपली मग शुद्ध पाण्यानं धुतली, हात आखडता न घेता. अल्कोहोलनं विसळून ती भांड्यात सोडली, आणि आम्ही दोघं स्टुलावर बसून राहिलो. चाचा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते. आधी तोच जुना डोकं दुखवणारा वास. मग काहीच वेगळं नाही. मग चाचांनी मान वर केली. माझ्याआधी त्यांना कळलं. केळं.

त्यानंतर आम्ही टोपली पाण्यानं धुणंच सोडून दिलं. पुढच्या खेपेला जे अल्कोहोल लागायचं, त्याच्यातलंच थोडं घेऊन टोपली विसळायची, आणि ते अल्कोहोल भांड्यात परत. धुवणच नाही तर फेकायचं काय? लातूरकराच्या जिवाला याहून मोठं सुख नाही. सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते इतके मोठ्यानं हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. “दुष्काळी राणी जिंकली,” ते म्हणाले. टोपली आजही चालू आहे. कधीतरी मंदावते. मग आम्ही तिची विचारपूस करतो, स्वच्छ करतो, आणि ती पुन्हा उठते. फळ्यावर मी अजून तेच वाक्य लिहिते, पण खाली माझ्याकडून एक ओळ जोडते: ‘त्याची काळजी घेतली तर.’ पोरं विचारतात, “मॅडम, हे परीक्षेत येतं का?” नाही येत, बाबांनो.

दिवाळीच्या आधी साहेब पाणी तपासायला आले. हातात नमुन्याची बाटली होती. शेडमागे नालीपाशी गेले, वाकून बघितलं, थोडं पुढे चालत गेले, परत आले. नाली कोरडी होती. तळाला भेगा पडल्या होत्या.

“पाणी कुठं सोडता?” त्यांनी विचारलं.

“सोडतच न्हाई, साहेब,” चाचा म्हणाले.

साहेबांनी शेड हिंडून बघितली, टोपली वर ओढायला लावली, वास घेतला. मग रिकामी बाटली पिशवीत ठेवली आणि विहिरीचं पाणी बघायला पुन्हा येईन असं सांगून गेले. ते पुन्हा आलेही. विहीर निवळायला वेळ लागला, पण निवळली.

साहेब पहिल्यांदा येऊन गेले त्याच दुपारी चाचांनी घरी जाऊन चाचींना शेडमध्ये आणलं. चाची दारात थबकल्या. पदर नाकाला लावला, मग काढला. चाचांनी साखळी ओढून टोपली वर घेतली, कोरड्या बरणीतल्या चार काळ्या गोळ्या आपल्या भाजलेल्या बोटांत घेतल्या आणि हात चाचींपुढे केला. चाची झटकन मागे सरल्या.

“काय न्हाई होत,” चाचा म्हणाले. “हे बघ, हातात हाय माझ्या. हेच तेजाब.”

चाचींनी खूप वेळ त्या हाताकडे बघितलं. गोळ्यांकडे नव्हे, हाताकडे. मग म्हणाल्या, “टरफलं हायत की ही,” आणि आजूबाजूला बघायला लागल्या, भांडं, घंगाळ, खिडकी, आपल्या संसाराची आजवर न पाहिलेली खोली.

मी त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्याकडे गेले तेव्हा ट्रंका पुन्हा पलंगाखाली गेल्या होत्या. चाची अंगणात कपडे वाळत घालत होत्या. चाचांचा कारखान्यातला शर्ट त्यांनी पिळून झटकला आणि सवयीनं दोन्ही हातांनी उन्हासमोर धरला. पाठ बघितली, बाह्या बघितल्या, पोटाकडचा भाग बघितला. पुन्हा पाठ बघितली. उजेड कुठूनच आला नाही. तो शर्ट त्यांनी तसाच धरून ठेवला, हात भरून येईपर्यंत, आणि मग दोरीवर टाकला.